परमुलखातील स्वयंसेवकाचा एक महिना

आपल्या न्यासाच्या विद्यार्थी-साहाय्य समितीकडे अलीकडे एका नव्या तऱ्हेचे अर्ज येऊ लागले आहेत. पूर्वी अर्जदार फीसाठी, पुस्तकांसाठी किंवा खाणावळीच्या खर्चासाठी मदत मागत असत. आता त्यांच्या जोडीस, परदेशात स्वयंसेवक म्हणून महिनाभर जावयाचे आहे, तरी प्रवासखर्चास साहाय्य मिळावे, असे लिहिणारी मुलेमुली येतात. अर्जासोबत एखाद्या मध्यस्थ कंपनीचे रंगीत पत्रक असते आणि त्यात त्या महिन्याचा दर छापलेला असतो. समितीतील काहींना यात सेवावृत्तीचा उदय दिसतो, काहींना सहलीचा वास येतो, आणि बैठक लांबते. अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे अशी संपादकांची आज्ञा झाली तेव्हा हाच विषय घ्यावा असे वाटले. मात्र असे स्वयंसेवक पाठवावेत की नाही यावर मत देण्यापूर्वी, परमुलखात जाऊन राहिलेला तरुण महिनाभर नेमके काय करतो हे सांगितलेले बरे. जाणाऱ्याच्या बाजूने मला ते ठाऊक नाही. ज्यांच्या दारी तो येतो त्यांच्या बाजूने थोडेसे ठाऊक आहे. १९६७ सालच्या आषाढात असा एक अमेरिकन तरुण आमच्या काकांच्या अंगणात जवळजवळ रोज असे, आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीने त्याचा दुभाषी होण्याचे काम माझ्याकडे होते.

तो आला होता 'पीस कोअर' या संस्थेतून. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी १ मार्च १९६१ रोजी ती स्थापन केली. तरुण अमेरिकनांनी दोन वर्षे एखाद्या विकसनशील देशात जाऊन, तेथील लोकांमध्ये त्यांच्यासारखे राहून, मागितलेले काम करावे, अशी कल्पना. त्याच वर्षाच्या ऑगस्ट अखेरीस पहिली तुकडी शिक्षक म्हणून घाना देशात उतरली, आणि डिसेंबरात सव्वीस जणांची पहिली तुकडी आपल्याकडे पंजाबात आली. पुढे १९७६ पर्यंत हे स्वयंसेवक भारतात येत राहिले. आपल्याकडे पुष्कळांना त्या काळी ही विनोबांची शांतिसेनाच वाटे. शांतिसेना निराळी, ती १९५७ साली निघाली व तिचे काम दंगली शमविण्याचे. पीस कोअरचे लोक मात्र शाळांतून शिकवीत, विहिरींच्या कामावर जात, दवाखान्यांत काम करीत आणि कोंबड्या पाळावयास शिकवीत. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले जिमी कार्टर यांच्या मातोश्री लिलियन कार्टर याही याच संस्थेतून १९६६ साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, मुंबईस विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत येऊन दवाखान्यात काम करीत राहिल्या होत्या. तेव्हा 'तरुण स्वयंसेवक' या शब्दांतील तरुणपणा थोडा सैलच धरावा.

हे लोक बिनपगारी होते असा एक समज आहे, तो खरा नाही आणि खोटाही नाही. राहण्याखाण्यापुरते रुपये त्यांना दरमहा मिळत. शिवाय सेवेच्या प्रत्येक महिन्यामागे ७५ डॉलर मायदेशी त्यांच्या नावे जमा होत, ते परतल्यावर नवे बस्तान बसविण्यासाठी. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलर साडेसात रुपयांचा झाला होता. म्हणजे आमच्या पाहुण्याच्या नावे महिन्याकाठी ५६२ रुपये ५० पैसे साठत होते. हा हिशेब मी एकदा आमच्या शाळेच्या मास्तरांना करून दाखविला तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. तसेच व्हिएतनामचे युद्ध तेव्हा चालू होते व अमेरिकेत तरुणांना सक्तीने सैन्यात घेत. पीस कोअरमध्ये असेतोवर त्या बोलावण्याला बहुधा मुदत मिळे. माफी नव्हे, मुदत. आपल्या येण्यामागे हेही एक कारण आहे, असे तो कोणी न विचारता सांगे. मला त्याचे हे सांगणे आवडले होते, आणि आजही अर्जदाराच्या हेतूत थोडी भेसळ दिसली म्हणून मी त्याला बाद करीत नाही.

आमचे गाव बेळगावच्या पश्चिमेस, भाताच्या पट्ट्यात. तेव्हा आम्ही म्हैसूर राज्यात होतो. पाहुण्याला अमेरिकेत तीन महिने रोज कित्येक तास भाषेचे शिक्षण दिले होते, ते कन्नडचे. गावी येऊन पाहतो तो ओसरीवर, विहिरीवर, देवळात सगळीकडे मराठी. महाजन आयोगाचे काम त्याच सुमारास संपत आले होते व गावात दुसरा विषय नव्हता. तालुक्याच्या कचेरीत त्याचे कन्नड उपयोगी पडे. तेथील कारकून खूष होऊन त्याला चहा पाजीत. गावात मात्र त्याला पुन्हा मुळाक्षरांपासून आरंभ करावा लागला. 'तू' आणि 'तुम्ही' यांचा मेळ त्याला महिनाभर जमला नाही. काकूंना तो "काकू, तू बसा" म्हणे आणि अंगणातल्या कुत्र्याला "तुम्ही जा" म्हणे. काकू प्रथम त्याला 'साहेब' म्हणत. आठवड्याने ते गळून पडले आणि "काय करायलास रे पोरा?" यावर आले. गावाने त्याचे नाव 'कोंबडीसाहेब' ठेवले होते. ते त्याला कळले तेव्हा त्याने ते वहीत लिहून घेतले.

आता त्याच्या कामाविषयी. १९६५ व १९६६ ही लागोपाठ दोन वर्षे अवर्षणाची गेली होती, आणि लहान शेतकऱ्याला शेतीखेरीज काही उत्पन्न असावे, लोकांच्या पोटात चार अंडी जावीत, म्हणून कुक्कुटपालनावर सरकारचा भर होता. गावठी कोंबडी वर्षाला साठाच्या आसपास अंडी देते. व्हाइट लेगहॉर्न जातीची कोंबडी नीट ठेवली तर त्याच्या तिप्पट देते. पण गावठी कोंबडी उकिरड्यावर जगते आणि ही जगत नाही. तिला भाताच्या तुसाची चार-सहा बोटे जाड गादी लागते. मका, कणी, कोंडा, शेंगदाण्याची पेंड आणि सुकटीचा चुरा ठरल्या मापाने लागतो. लस वेळेवर लागते. आणि मुख्य म्हणजे पहिले चार आठवडे ऊब लागते, कारण तिच्या पिलांना आई नसते. ती यंत्रात उबविलेली असतात.

काकांनी सोसायटीचे कर्ज काढून २०० पिलांचे घर बांधले होते. आषाढ लागला त्या दिवशी, ८ जुलैला, पिले आली. पुठ्ठ्याच्या भोके पाडलेल्या खोक्यांतून, आधी रेल्वेने, मग मोटारीच्या टपाखाली मांडीवर. दोन दिवसांच्या प्रवासात त्यांना दाणापाणी काही नव्हते, म्हणून काकू कळवळल्या. तेव्हा त्याने माझ्यामार्फत समजावून सांगितले की, अंड्यातून बाहेर पडण्याच्या सुमारास पिलू अंड्यातला उरलेला बलक आपल्या पोटात ओढून घेते, आणि ही शिदोरी त्याला दोन-तीन दिवस पुरते. निसर्गाने ही सोय केली आहे ती आईसाठी. सगळी अंडी एकदम फुटत नाहीत, म्हणून पहिल्या पिलाने शेवटच्याची वाट पाहावी. माणसाने तिचा उपयोग पिले परगावी धाडण्यासाठी करून घेतला. काकूंना हे पटले. "म्हणजे डबा बांधून पाठवितात," त्या म्हणाल्या.

गावात वीज नव्हती. तेव्हा मोठी बुट्टी पालथी टांगून तिच्याखाली कंदील, भोवती पत्र्याचे कोंडाळे, अशी कृत्रिम दाई त्याने उभी केली. पहिल्या आठवड्यात पिलाच्या पाठीच्या उंचीवर ९५ अंश फॅरनहाइट उष्णता लागते आणि पुढे दर आठवड्यास पाच अंश उतरवीत जावयाची. ९५, ९०, ८५, ८०. महिना संपतो तोवर पिलाला पिसे फुटलेली असतात आणि दाईचे काम संपते. त्याच्याजवळ उष्णतामापक होता. दर दोन तासांनी, रात्री दोन वाजतासुद्धा, तो येऊन आकडा वहीत मांडी. काकू आकडा पाहत नसत, पिले पाहत. पिले कंदिलाखाली एकमेकांवर चढून बसली तर गारठली आहेत, लांब कडेला चोची उघडून उभी राहिली तर उकडते आहे, एकाच बाजूस गोळा झाली तर दुसरीकडून वारा शिरतो आहे, सगळीकडे विखरून दाणे टिपत असली तर बरे आहे. तिसऱ्या दिवशी त्याच्या ध्यानात आले की, आपल्या शिक्षणाच्या पुस्तकातही हेच लिहिले आहे आणि या बाईला ते पुस्तकावाचून येते. तेव्हापासून त्याने रात्रीची फेरी सोडली.

वाचकांना वाटेल की मग हा पुरुष दिवसभर करीत काय होता? हाच प्रश्न आमच्या गावालाही पडला होता. खरे उत्तर असे की, बराच वेळ तो काहीच करीत नसे. सकाळी सायकलवरून आसपासच्या तीन-चार गावांतील कोंबडीघरे पाही. दुपारी बाराच्या पुढे शेतकरी चिखलणीत असे, कचेरी जेवायला गेलेली असे, आणि पाऊस कोसळत असे. हे तास फार मोठे. चावडीमागच्या खोलीत तो वाचीत पडे. संस्थेने त्याला पेटीभर इंग्रजी पुस्तके दिली होती, त्यांत कादंबऱ्या फार. दारात पाच-सहा पोरे उभी राहून त्याचे वाचणे पाहत. दाढी करणे पाहत, पाणी उकळणे पाहत. पाणी उकळून पिण्याचा त्याला नियम होता, आणि कोणाच्या घरी गेल्यावर समोर आलेला तांब्या कसा नाकारावा हा त्याच्यापुढचा रोजचा पेच. काकांकडे तो चहा मागून घेऊ लागला. चहाचे पाणी उकळलेले असते, आणि यजमानाचा मानही राहतो. असले शोध लावण्यात त्याचा पहिला आठवडा गेला.

या रिकाम्या तासांतच परमुलखातला तरुण बिघडतो, असे माझे मत झाले आहे. कोणी चिडतो, कोणी घरी रडगाणी लिहितो. १९६१ च्या ऑक्टोबरात नायजेरियात इबादानला अशाच एका नवख्या तरुणीने मायदेशी धाडावयाच्या पोस्टकार्डावर तेथील दैन्याविषयी आणि मागासलेपणाविषयी चार ओळी लिहिल्या. कार्ड टपालात पडण्याआधीच कोणाच्या हाती लागले, विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी मोठा गहजब केला, आणि संस्था बाल्यावस्थेतच मोडते की काय असे झाले. त्या मुलीला परत जावे लागले. तिने लिहिले ते खोटे नव्हते. पण ज्यांच्या घरी आपण राहतो त्यांच्या घराचे वर्णन उघड्या कार्डावर करावयाचे नसते, एवढे तिला कोणी सांगितले नव्हते. आमचा पाहुणा काय लिहीत असे ते मला ठाऊक नाही. तो नेहमी बंद पाकीट वापरी.

दुसऱ्या आठवड्यात लस झाली. राणीखेत नावाचा रोग आहे. कुमाऊँतील त्या गावावरून त्याला आपल्याकडे हे नाव पडले. तो आला की कोंबड्यांची मर लागते आणि दोन दिवसांत खुराडे रिकामे होते. त्याला औषध नाही, लस आहे. ती डोळ्यात किंवा नाकात थेंबभर घालावयाची, पण बर्फात ठेवावी लागते, आणि पाण्यात मिसळल्यावर तास-दोन तासांत संपवावी लागते. म्हणून तो पहाटेच्या मोटारीने बेळगावला गेला, जनावरांच्या दवाखान्यातून लस घेतली, बर्फ थर्मासमध्ये भरला आणि दहा वाजता परतला. परततो तो घरात आषाढी एकादशीची गडबड. काकूंच्या गळ्यात माळ. त्या दिवशी कोंबड्यांना हात लावावा की नाही यावर क्षणभर विचार झाला. मग काकू म्हणाल्या, "विठोबाला बर्फ वितळतंय ते कळतंय," आणि पदर खोचून बसल्या. पिलू धरण्याची रीत त्याने त्यांना दाखविली. पहिली पन्नास त्याने केली, उरलेली दीडशे त्यांनी. साबुदाण्याची खिचडी त्याने दोनदा मागून घेतली. उपवास म्हणजे न खाणे अशी त्याची समजूत होती, ती त्या दिवशी दूर झाली.

माळकरी बाईने कोंबड्या पाळाव्यात याचे काही वाचकांना नवल वाटेल. काकू अंडे खात नसत, शेवटपर्यंत खाल्ले नाही. त्यांना अडचण निराळीच होती. घरात कोंबडा ठेवावयाचा नाही, तरी कोंबड्या अंडी देतील, यावर त्यांचा विश्वास बसेना. कोंबडी कोंबड्यावाचूनही अंडे देते, त्यातून पिलू मात्र होत नाही, हे त्याने चित्र काढून सांगितले. सतरा वर्षांच्या पुतण्याला हे काकूंपुढे मराठीत उलगडताना जे वाटावयाचे ते वाटले. मी निम्मे गाळले, आणि त्या हसल्या.

हे गाळणेच पुढे महागात पडले. तिसऱ्या आठवड्यात पावसाने कहर केला. सहा दिवस सूर्य दिसला नाही. पिले गारठतील या भयाने त्याने कोंबडीघराच्या जाळीवर गोणपाटाचे पडदे खालपर्यंत सोडविले व बांधून टाकले. दुसऱ्याच दिवशी काकू मला म्हणाल्या, "आत उग्र वास मारतोय. डोळे चुरचुरतात. पडदे थोडे वर करायला सांग त्याला." मी सांगितले नाही. अमेरिकेहून शिकून आलेल्या माणसाला आमच्या काकू चूक काढतात, हे इंग्रजीत म्हणावयाची मला लाज वाटली. त्याने "काय म्हणतात?" असे विचारले तेव्हा, "पाऊस फार आहे म्हणतात," असे मी म्हणालो.

त्यातला शास्त्रार्थ असा. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात पिलांना रक्ती हगवण होण्याचा संभव असतो. तिचे जंतू विष्ठेतून तुसात पडतात, पण पडल्याबरोबर बाधक होत नाहीत. ओल आणि ऊब मिळाली तर दिवसा-दोन दिवसांत होतात. तूस कोरडे असेल, रोज खालीवर केले असेल, वारा खेळत असेल, तर ते वाढत नाहीत आणि पिलाला थोडीथोडी बाधा होऊन उलट प्रतिकारशक्ती येते. पडदे बांधल्याने आतली वाफ आतच राहिली, तूस दमट झाले, अमोनियाचा वास सुटला. काकूंच्या नाकाने जो इशारा दिला होता तो हाच. चोविसाव्या दिवशी सकाळी तुसावर रक्ताचे डाग दिसले. संध्याकाळपर्यंत अकरा पिले गेली. तो भर पावसात सायकलने गेला, सल्फा औषध घेऊन रात्री परतला. ते पाण्यातून दिले, ओले तूस काढून टाकले, चुना मारला. थांबेपर्यंत ५३ पिले मेली.

कर्जाच्या पिलांतली चौथ्या हिश्शाहून अधिक गेली होती. काका दिवसभर कोणाशी बोलले नाहीत. रात्री तो आला, पडदे बांधणे ही आपली चूक होती असे स्वच्छ म्हणाला, आणि ५३ पिलांचे पैसे आपल्या खर्चातून देतो म्हणाला. हे मी शब्दशः सांगितले. त्याच वेळी पडद्यांविषयी काकू काय म्हणाल्या होत्या तेही मी त्याला सांगितले. तो माझ्याकडे नुसता पाहत राहिला.

काकांनी पैसे नाकारले. तेव्हा मला तो निव्वळ अभिमान वाटला होता. आज मला वाटते की त्यात व्यवहार होता. त्याने पैसे भरले असते तर गावात दोन गोष्टी पसरल्या असत्या. एक, साहेब सांगेल ते करा, बुडाले तर तो भरून देतो. दुसरी, पुढच्या खेपेस कोणाच्या शंभर पिलांपैकी दहा गेली तरी त्याच्या दारात रांग. त्याच्याजवळ तेवढे पैसे नव्हते, आणि दोन वर्षांनी तो स्वतःही राहणार नव्हता. काका एवढेच म्हणाले, "पैसे नकोत. भिंत काढायला ये." मग दोघांनी मिळून पश्चिमेची अर्धी कुडाची भिंत उतरविली, तेथे जाळी बसविली व वर गवताची लांब वळचण काढली. पाऊस आत येऊ नये आणि वारा अडू नये, अशी. तूस रोज सकाळी खालीवर करण्याचे काम त्याने स्वतःकडे घेतले. दुभाष्याचे काम मात्र त्याने माझ्याकडून काढून घेतले नाही. फक्त तेव्हापासून काकू काही बोलल्या की तो मला विचारी, "सगळे सांगितलेस?"

चौथा आठवडा ८० अंशांचा. उघडीप झाली. आषाढ अमावास्येला, दिव्यांच्या आवशीला, काकूंनी घरातील समया, निरांजने आणि दिवट्या घासून पाटावर मांडल्या. पिलांखालचा कंदील त्या दिवसापासून लागणार नव्हता. तोही काच पुसून त्यांनी ओळीत ठेवला व त्याला हळदकुंकू वाहिले. पाहुणा बूट काढून बाजूला उभा होता. महिन्याअखेरीस त्याला वरिष्ठांकडे अहवाल धाडावा लागे. त्यात रकाने होते: भेटी किती दिल्या, लस किती पिलांना टोचली, मर किती. त्याने तिसऱ्या रकान्यात ५३ लिहिले. भिंतीसाठी रकाना नव्हता.

उरलेल्या १४७ पिलांतील नर काकांनी दिवाळीच्या सुमारास विकले. जानेवारीत सत्तरेक कोंबड्या अंड्यांवर आल्या. अंडी तुसात घालून बुट्टीतून बेळगावच्या कँपात जाऊ लागली. कर्ज फिटावयास दुसरे वर्ष उजाडले. हे सांगण्याचे कारण की, पिलू आणल्यापासून अंडे मिळेतोवर साडेपाच महिने निव्वळ खर्च असतो, आणि दोन वर्षे राहणाऱ्या माणसालाही असे तीनच डाव मिळतात. एका महिन्यात ऊब द्यावयाचे काम तेवढे होते.

म्हणून एका महिन्यासाठी परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या मुलांना मी समितीत दोन-तीन गोष्टी विचारतो. तेथील भाषा किती शिकलास? तुझे काम मागितले कोणी, तिकडच्या लोकांनी की पत्रक छापणाऱ्याने? तू परतल्यावर ते कोण करणार? सेवा करू देण्यासाठी जो पैसे मागतो त्याचा धंदा प्रवाशांचा आहे, हे स्पष्ट सांगतो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९७० साली स्थापन केलेली स्वयंसेवक योजना आहे, तिचे मुख्य कार्यालय जर्मनीत बॉन येथे आहे. ती स्वयंसेवकाकडून पैसे घेत नाही, उलट त्याला निर्वाहभत्ता देते. तिच्याकडे तरुणांसाठीही जागा असतात. अशा ठिकाणी निवड झालेल्या मुलाला न्यासाने गरम कपड्यांपुरते जरी साहाय्य केले तरी माझा हात वर असेल. आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेले ते महिन्याचे तिकीट काढून नव्हे. चिनी शिकले, त्या भाषेत शिकवू लागले, आणि १९४२ साली तेथेच वारले. सर्वांनी तसे करावे असे कोणी म्हणणार नाही. पण भाषा शिकण्यापर्यंत तरी त्यांच्या मागे जाता येते.

आमचा पाहुणा १९६८ च्या अखेरीस गेला. दोन वर्षांनी त्याचे पत्र आले. कोंबड्या किती आहेत, लस वेळेवर मिळते का, भाताचे तूस कितपत जाड घालता, अशी चौकशी होती. काकूंनी मला समोर बसवून उत्तर लिहून घेतले. कोंबड्या १९० आहेत. लस मी टोचते, शेजारच्या दोन घरांतही मीच टोचते. तूस महाग झाले, म्हणून आता भुईमुगाची टरफले घालतो, ती लवकर वाळतात. येथवर झाल्यावर त्यांनी मला थांबविले आणि, हे त्याला विचारत नाही, कळवते आहे, असे नीट लिही म्हणाल्या. मग लिहिलेले सगळे वाचून दाखवावयास लावले.